लंडन, फक्त रविवारी

रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेटमध्ये लंडन भरतं. कधी पॅरिस, कधी नुसतंच ‘परदेश’, जसं निर्मात्याचं बजेट. शनिवारपर्यंत याच फुटपाथवरून शिपिंग कंपन्यांची आणि कस्टम एजंटांची माणसं फायली काखोटीला मारून धावत असतात. रविवारी त्यांच्या कचेऱ्यांची शटरं खाली, रस्ते मोकळे आणि कोपऱ्यावर जनरेटरची गाडी घरघरत उभी.

हे लंडन मला दाखवलं माझ्या मावसभावाने. तो लोकेशन मॅनेजर आहे. म्हणजे सिनेमातलं घर, गल्ली, कोर्ट, तुरुंग जे काय लागेल ते शोधायचं, मालकाला पटवायचं, महापालिकेपासून पोलिसांपर्यंत परवानग्या गोळा करायच्या आणि पॅक-अप झाल्यावर भिंतीला ठोकलेले खिळे उपटून भोकं बुजवून द्यायची. मी जन्माने गिरगावकर, संसाराने डोंबिवलीकर. मुंबई मला पाठ आहे असा माझा समज होता, आणि त्याला तो मान्य नव्हता. “ताई, गेटवे-बिटवे बघायचं असेल तर माझा उपयोग नाही. माझ्या कामाची मुंबई बघायची असेल तर रविवारी ये.” रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. धीम्या गाड्या जलद मार्गावर, जलद गाड्या देवाच्या भरवशावर. पोचले एकदाची.

दोन सेटिंगवाले लाल रंगाचा टेलिफोन बूथ उचलून आणत होते. फायबरचा, आतून पोकळ, दाराला कडी नाही. एका कचेरीच्या मराठी पाटीवर बेकरीची इंग्रजी पाटी चढवली होती. खालून देवनागरीतला एक उकार तेवढा डोकावत होता. टँकरवाला पाइप धरून रस्ता ओला करत होता, कारण ओला डांबरी रस्ता कॅमेऱ्यात श्रीमंत दिसतो. माझ्या शेजारी पायरीवर एक बाई लोकरीचा लांब ओव्हरकोट घालून बसल्या होत्या. डिसेंबर असला तरी मुंबईचा डिसेंबर. कानशिलांवरून घाम ओघळत होता. ज्युनियर आर्टिस्ट. विरारहून पहाटेच्या गाडीने आलेल्या. मांडीवर नॅपकिन पसरून, कोटाला तेल लागणार नाही अशा बेताने मेथीची भाजी आणि चपाती चालली होती.

“आज काय आहे तुमचं?” मी विचारलं.

“पासिंग. इथून तिकडे जायचं, तिकडून परत यायचं. हिरो-हिरॉइन मधे उभं राहून बोलतात.” घास संपवून म्हणाल्या, “थंडी वाजतेय असं चालायचं, सांगितलंय.”

थोड्या वेळाने ‘रोलिंग’ झालं आणि त्या खरोखरच खांदे आकसून, हात खिशात घालून चालत गेल्या. त्यांच्यामागे कोटातले आणखी दहा-पंधरा जण, सगळे काकडलेले. मॉनिटरवर बघितलं तर लंडन. मान वर करून बघितलं तर त्याच इमारतींच्या खिडकीत एसीचं पाणी ठिबकतंय आणि कावळा ते पितोय.

पण हे सोंग या भागाला शोभतं, त्याला कारण आहे. बॅलार्ड इस्टेट हे मुळातच मागवून घेतलेलं परदेश आहे. गोदीच्या खोदकामातून निघालेला दगड-माती टाकून पोर्ट ट्रस्टने इथे समुद्र हटवला आणि पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत ही वसाहत उभी केली. पोर्ट ट्रस्टचे एक संस्थापक कर्नल बॅलार्ड यांचं नाव दिलं. वास्तुरचना जॉर्ज विटेटची. गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमही त्याचंच. गेटवेला त्याने गुजरातेतल्या कमानी लावल्या, म्युझियमला विजापूरचा घुमट, इथे मात्र सरळ युरोप बसवला: सारख्या उंचीच्या इमारती, सारख्या कंगोऱ्यांच्या कडा, रुंद रस्ते. मुंबईत एका ओळीतल्या चार इमारती एका वळणाच्या असणं हीच चैन. म्हणून विमानाचं भाडं वाचवू पाहणारा प्रत्येक निर्माता कधी ना कधी इथे येतो.

“पण सोमवारी मिळेल का ही जागा?” भाऊ म्हणाला. “शक्यच नाही. आमच्या धंद्याचा साधा नियम आहे. जिथे काम थांबलंय तिथे आमचं सुरू होतं.”

हे वाक्य तो सहज बोलून गेला आणि टँकरवाल्याशी पैशांवरून हुज्जत घालायला निघून गेला. मला मात्र पुढची सगळी भटकंती त्या वाक्याच्या आधाराने करता आली.

याचा सगळ्यात मोठा दाखला कुलाब्यात आहे. ससून डॉकच्या बाजूला, माशांच्या वासातून पुढे जात नारायण आत्माराम सावंत मार्गाला लागलं की एका लांबलचक भिंतीमागे मुकेश मिल. बाकीच्या गिरण्या परळ, लालबाग, भायखळ्याकडे. ही एकटी इथे, पाठ समुद्राला टेकवून, म्हणजे कापसाचे गठ्ठे बोटीतून थेट दारात. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्याच वर्षी या गिरणीला आग लागली. ती पुन्हा चालू झालीच नाही. छप्पर गेलं, दगडी भिंती राहिल्या, भिंतींतून पिंपळ आणि वड निघाले. मग कॅमेरे आले. १९९१च्या ‘हम’मधलं अमिताभ आणि किमी काटकरचं ते गाजलेलं गाणं, पाण्याचे फवारे आणि शेकडो नाचे असलेलं, इथलंच. त्यानंतर किती चित्रपट, जाहिराती आणि मालिकांतल्या खलनायकांचे अड्डे इथे झाले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आत सोडत नाहीत. आम्ही भिंतीच्या कडेने गेलो, एका फटीतून वेली चढलेली कमान दिसली, तिच्यापलीकडे पाणी चकाकत होतं. भाऊ आत काम करून आलेला. त्याच्याकडे भुतांच्या गोष्टींचा साठा: अमक्या नटीला आतून आवाज आला, तमक्या युनिटने सूर्यास्ताला गाशा गुंडाळला. सिनेमावाल्यांना या गोष्टी फार प्रिय. मला त्यांचा कंटाळा येतो. या जागेला भूत चिकटवायची गरजच काय? ज्या खात्यात माणसं तीन पाळ्यांत उभी असायची तिथे आता तुळया नाहीत, आणि नायक ज्या ‘डेंजर’ वातावरणात गुंडांना लोळवतो ते वातावरण म्हणजे कुणाचा तरी बुडालेला पगार आहे. गिरणगावातल्या इतर गिरण्यांचे मॉल झाले, टॉवर झाले. त्यांच्या मानाने मुकेश मिल सिनेमात जिवंत राहिली म्हणायची.

कुलाब्याहून काळा घोडा चालत गेलो. रस्त्यात जहांगीर आर्ट गॅलरी लागते. तिथल्या लांबुडक्या व्हरांड्यात १९६४ ते २०१५ समोवार नावाचं उपाहारगृह होतं. बासू चॅटर्जींच्या ‘छोटी सी बात’मध्ये अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा तिथे बसतात. बासूदांची पद्धत भावाच्या नियमाच्या बरोबर उलटी. त्यांना रिकामी जागा नको असायची. बस स्टॉप, कचेरीची लिफ्ट, गर्दीचा फुटपाथ, चालू उपाहारगृह; मुंबई कामात असताना तिच्यात हळूच नट सोडून द्यायचे. ‘मंझिल’मध्ये अमिताभ आणि मौसमी चॅटर्जी खऱ्या पावसात चिंब होऊन ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह असे फिरतात, आणि मागे सत्तरच्या दशकातली मुंबई आपल्याच नादात चाललेली असते. आज हे जमेल का, म्हणून मी विचारलं. “नट व्हॅनिटीतून उतरला की पन्नास मोबाइल वर,” भाऊ म्हणाला. “गर्दीचा सीन करायचा तर गर्दी हटवून आमची गर्दी उभी करावी लागते. पासिंगवाली.”

काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन ही इमारत मुंबईकर रोज बघतो आणि बघत नाही. ओतीव लोखंडाचा सांगाडा, सुटे भाग विलायतेत घडवून बोटीने आणलेले, १८६०च्या दशकात इथे जोडलेले. तेव्हाचं नाव वॉटसन हॉटेल. १८९६च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला होता आणि खिडकीबाहेरच्या कावळ्यांवर त्याने पुढे पानंच्या पानं लिहिली. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा याच हॉटेलात दाखवली गेली. तिकीट एक रुपया. ती चित्रं पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रीकरण केलं. या देशात देशी माणसाने केलेलं ते पहिलं शूटिंग समजतात. हँगिंग गार्डनला मी लहानपणी म्हातारीच्या बुटासाठी गेले आहे, सगळे त्यासाठीच जातात. समोरच्या बागेतला तो सिमेंटचा बूट सोडून हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

हॉटेल कधीच बंद पडलं, मग इथे वकिलांची दालनं आणि भाडेकरू आले, २००५मध्ये सज्जाचा भाग कोसळला, २०१९मध्ये इमारत रिकामी केली गेली. लोखंडी खांबांवर गंजाचे पापुद्रे सुटलेत. बोटाने ओढला तर एक पापुद्रा हातात आला, त्याखाली जुन्या रंगाचे थर: पिवळा, हिरवा, पुन्हा पिवळा.

गिरगावात मात्र मी वाटाड्या होते. चर्नी रोडला उतरून केनेडी ब्रिजकडे गेलो. या पुलावरून शाळकरी वयात मी रोज गेले आहे आणि खालून जाणाऱ्या गाड्यांचे डबे मोजले आहेत. पुलाच्या बाजूला ज्योती स्टुडिओ होता, मुळात अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीचा. ‘आलम आरा’ तिथे तयार झाला. बोलपट म्हणजे आवाज धरायचा, आणि कुशीत तर रेल्वे! मग शेवटची गाडी गेल्यावर मध्यरात्री चित्रीकरण सुरू करायचं आणि पहाटेच्या गाडीआधी थांबवायचं. मायक्रोफोन नटनट्यांच्या आसपास कुठेतरी दडवलेले. देशातल्या पहिल्या बोलपटाचं वेळापत्रक असं रेल्वेच्या टाइमटेबलने ठरवलं.

त्यातला नायक आपला मास्टर विठ्ठल. मूकपटांत तलवारबाजी आणि उड्यांसाठी प्रसिद्ध. हा बोलपट मिळवण्यासाठी त्याने शारदा कंपनीशी केलेला करार मोडला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्याच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर जिना. खटला जिंकला. आणि मग कॅमेऱ्यासमोर उभा राहिल्यावर लक्षात आलं की हिंदुस्तानी बोलण्यात पठ्ठ्या कच्चा आहे! तेव्हा त्याचं पात्र बराच वेळ अर्धवट शुद्धीत ठेवून वेळ मारून नेली म्हणतात. १४ मार्च १९३१ला चित्रपट गिरगावातच, मॅजेस्टिक सिनेमात लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, चार आण्यांची तिकिटं काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेली. आज मॅजेस्टिकच्या जागी शॉपिंग सेंटर आहे, आणि ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही. सँडहर्स्ट रोडवरचं कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ, जिथे ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला, तेही गेलं. रस्त्याचंही नाव बदललं. गिरगावात तुम्ही सिनेमाच्या इतिहासावरूनच चालत असता, पायाला काही लागत नाही इतकंच.

मी भावाला आमची चाळ दाखवली, म्हणजे ती जिथे होती तिथला टॉवर दाखवला. “बरं झालं,” तो निर्दयपणे म्हणाला, “चाळीत शूटिंग करणं वैतागच. दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा मागे घेता येत नाही.” १९७०मध्ये राजा ठाकूर यांनी ‘मुंबईचा जावई’ केला, पुढे बासूदांनी त्याचा ‘पिया का घर’ केला, नवीन जोडप्याला एकांत मिळत नाही ही त्यांतली सगळी कथा या खोल्यांच्या मापातून निघालेली. आता चाळीचा सेट गोरेगावच्या चित्रनगरीत बांधतात. तीन भिंती, चौथी उघडी. खोली हवी तेवढी मोठी. खोताची वाडी अजून आहे, लाकडी जिने आणि रंगीत कठडे सांभाळून. तिथे फिरणाऱ्यांनी लोकांच्या ओट्यावर बसून फोटो काढू नयेत एवढंच सांगते.

दादर पूर्वेच्या दादासाहेब फाळके मार्गावर फार थांबलो नाही. रणजीत मूव्हीटोनसारखा एके काळचा बडा स्टुडिओ या रस्त्यावर होता. पण मला वेगळीच गोष्ट आठवत होती. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ इथेच, दादरला, राहत्या बंगल्याच्या आवारात केला. तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायच्या, रात्री फिल्मला भोकं पाडायच्या. आणि सिनेमात काम करतो म्हटलं तर मुलगी कोण देणार, म्हणून फाळक्यांनी मंडळींना सांगून ठेवलं होतं: कुणी विचारलं तर म्हणायचं, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे. परेश मोकाशींच्या २००९च्या चित्रपटाचं नाव तिथून आलं. भावाला ही गोष्ट ठाऊक होती. “फॅक्टरीच ती,” तो म्हणाला. “बारा तासांची शिफ्ट काय ऑफिसात असते?”

मालाडला मात्र कामाच्या दिवशी गेलो. मालाड पश्चिमेला रिक्षावाल्याला ‘बॉम्बे टॉकीज’ म्हटलं की तो काही न विचारता मीटर टाकतो. सिनेमाशी त्याचा काही संबंध नाही. त्याच्या लेखी ते गाळ्यांच्या एका औद्योगिक वसाहतीचं नाव. पत्र्याच्या शेड, अरुंद बोळ, थिनरचा आणि कटिंग ऑइलचा वास, हातगाडीवर प्लायवुडच्या थप्प्या, कुठेतरी ग्राइंडरचा चरचराट. आणि यांच्या मधोमध जुन्या स्टुडिओचे अवशेष. जाड भिंती, वाजवीपेक्षा उंच, आणि त्यांना वडाच्या मुळ्यांनी धरून ठेवलेलं.

१९३४मध्ये हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी इथे बॉम्बे टॉकीज काढली. मालाड तेव्हा मुंबईच्या धनिकांचं हवा खायला येण्याचं गाव. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योझेफ विर्शिंग जर्मनीहून आलेले. १९३९ला युद्ध पेटल्यावर इंग्रज सरकारने या जर्मनांना स्थानबद्ध केलं. प्रयोगशाळेत फिल्म धुणारे अशोककुमार अचानक नायक झाले ते इथेच. त्यांच्याबरोबर ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ करणाऱ्या आपल्या लीला चिटणीस इथल्याच. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय अभिनेत्री म्हणून त्यांचं नाव घेतात. संगीत द्यायला सरस्वतीदेवी, म्हणजे एक पारशी बाई. १९४३चा ‘किस्मत’ कोलकात्याच्या रॉक्सीत तीन वर्षांहून जास्त चालला. नट, लेखक, तंत्रज्ञ सगळे महिन्याच्या पगारावर, वेळेवर हजेरी, सगळ्यांचं जेवण एकत्र. भोंगा वाजत नव्हता इतकंच. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर सगळं संपलं आणि जागेचे गाळे पडले.

म्हणजे मुंबईने हा अजब व्यवहार केला आहे. कुलाब्याची गिरणी बंद पडली, तिचा सेट झाला. मालाडचा स्टुडिओ बंद पडला, त्याचा कारखाना झाला. चेंबूरच्या आर. के.ला २०१७मध्ये आग लागली, पुढे ती जमीन इमारतीसाठी विकली गेली. त्यापेक्षा मालाड मला बरं वाटलं. इथे निदान यंत्रं चालू आहेत.

भिंतीला लागून असलेल्या एका गाळ्यात लेथ सुरू होता. पात्याखालून लोखंडाची निळसर चकचकीत वेटोळी सुटत होती, खाली त्यांचा ढीग. चालवणारा पंचविशीतला, कानात इअरफोन. गाळ्याचे मालक दारातल्या स्टुलावर चलनं लिहीत बसलेले, बोलण्यावरून रत्नागिरीकडचे. मी त्यांना विचारलं, ही मागची भिंत कसली माहीत आहे का?

“स्टुडिओची ना? देविकाराणीची. माझ्या वडिलांनी गाळा घेतला तेव्हापासून ऐकतोय.” पेन खिशाला लावून त्यांनी भावाकडे बघितलं. त्याचा फोन, भिंतीचे चाललेले फोटो, कमरेची बॅग. “शूटिंगला बघताय काय?”

“बघतोय,” भाऊ म्हणाला. “उंची चांगली आहे तुमची.”

“बारा तासांची शिफ्ट देईन. मशीन बंद ठेवायचं तर त्याचे वेगळे, आणि माझ्या पोरांचा रोज तुम्ही द्यायचा.”

“पोरांना पासिंगला घेऊ. थ्री फेज आहे का?”

“म्हणजे काय, लेथ कशावर चालतोय?”